उकळलेला पाचू

आमच्या घराण्यात पाचू उकळून पाहणारा मी पहिलाच.

गौरी बसायच्या होत्या. आईला जाऊन वर्ष उलटलं होतं आणि बाबांचं एकच मागणं होतं, तिची पाचूची अंगठी यंदा गौरीपुढे ठेवायची. "ती घालायची तशीच दिसू दे रे. हिरवीगार!" अंगठी कपाटात पडून पडून मळली होती. मी चांदीची भांडी सोड्याच्या कढत पाण्यात टाकतच होतो, तीही टाकली. (चांदी लखलखते, मग पाचूने काय घोडं मारलंय?)

बाहेर काढली तर काय! हिरवा रंग उडालेला, आणि आत पांढऱ्या भेगाच भेगा!

"अहो, हे काय केलंत?" बायको मोबाइलचा उजेड पाडून पाहत किंचाळली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. मी स्वतःहून!"

बाबा अंगठी तळहातावर घेऊन नुसते बसून राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांना घेऊन इथल्या मानिक चौकातल्या हिंदी बोलणाऱ्या सराफाकडे धावलो. त्याने आधी भिंगातून अंगठीकडे पाहिलं, मग भिंगाशिवाय माझ्याकडे.

"भाईसाहब, पन्ना है, आलू नहीं! इसकी दरारों में तेल भरा रहता है, तभी इतना हरा दिखता है. आपने सारा निकाल दिया! छोड़ जाइए, हम देवदार का तेल भर देंगे."

"इसकी माँ तो घर का तेल लगाती थी," बाबा एकदम म्हणाले. "रोज, अंगूठी पहने-पहने. मेरे सिर में."

"तो बाबूजी, वही मलिए!" सराफ हसला. तो थट्टा करत होता. बाबांनी ती मनावर घेतली.

"चल घरी," ते मला म्हणाले.

बायकोने आईसारखं माक्याचं तेल उकळून दिलं. (उकळायचं काम आता माझ्याकडे नाही.) गौरी आल्या, जेवल्या, गेल्या, अंगठी फिकीच. तरी रोज संध्याकाळी ती करंगळीत अडकवून मी बाबांच्या डोक्याला तेल चोळत होतो.

"अरे, डोकं आहे, कणीक नाही!" बाबा करवादायचे. एकदा मात्र हळूच म्हणाले, "ती कानामागे जरा थांबायची."

मी थांबलो. आईची फार आठवण आली.

परवा पाहतो तर पाचू जवळजवळ पूर्वीसारखा!

"बाबा, झाला की हो हिरवा!"

त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "नाही रे. फिकाच आहे अजून."

मी पुन्हा निरखून पाहिलं. "हो की! चांगलाच फिका आहे!" म्हणालो आणि वाटीत बोटं बुडवली. रत्नांची पारख म्हणाल, तर आम्हा बापलेकांना कोणी दारात उभं करणार नाही!