लाखांदूरच्या मांडवात वाजलेला पितळेचा गुंड

मागच्या आठवड्यात आम्ही भंडाऱ्याहून लाखांदूरला एका लग्नाला गेलो. नवरा, मी, आमची मुलं आर्या आणि सम्यक... आणि माझ्या मांडीवर पाणी भरायचा पितळेचा एक भला मोठा गुंड. एसटीचा कंडक्टर त्याच्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, याची हाफ तिकीट फाडू का?"

लग्न माझ्या नणंदेच्या, सुनंदाताईंच्या मुलीचं होतं, प्राचीचं. म्हणजे माझा नवरा निलेश हा मुलीचा सख्खा मामा. आणि मामाचा आहेर म्हणजे काय असतो, ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. लग्न लागलं की माईकवर पुकारा होतो, कोणाकडून काय आलं ते. सगळा मांडव कान टवकारून ऐकतो.

प्राचीला मामाकडून फ्रिज येणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. आम्ही सोडून.

कारण आमच्या घरात क्रेडिट कार्डानं जो धिंगाणा घातला होता, तो आत्ता कुठे आवरत आला होता. आम्ही काही उधळे नाही हो... निलेशची कंपनीतली नोकरी, माझी शाळा, दोन मुलं. पण नातेवाईकांत पहिलं कार्ड आमच्याकडे आलं आणि ते सगळ्यांचंच झालं. कोणाच्या घरभरणीला टीव्ही, कोणाच्या लग्नात कूलर, सासऱ्यांचं ऑपरेशन, आमच्या पोरांच्या फिया... मोठेपणानं घासलं कार्ड. दर महिन्याला 'मिनिमम ड्यू' भरायचो आणि हप्ता भरला म्हणून निर्धास्त झोपायचो. मूळ रक्कम जागची हलत नव्हती, व्याज तेवढं बाळसं धरत होतं.

ज्या दिवशी हे डोक्यात शिरलं, त्या दिवशी मी कार्ड तांदळाच्या कोठीत तळाशी टाकलं. बँकेत जाऊन उरलेल्या रकमेचे सरळ हप्ते करून घेतले. संध्याकाळी ट्युशन सुरू केल्या. वाढदिवस घरच्या केकवर, सुट्टी माहेरी, कारचा विषय बंद. मुलं सुरुवातीला कुरकुरली, मग आर्याच सम्यकला दुकानात दटावू लागली, "आईले मांगू नको, आपलं मिशन सुरू आहे!" खरं सांगते, त्या पोरीनं मला जेवढं बळ दिलं, तेवढं कोणी दिलं नाही.

आता एकच हप्ता उरला होता. आणि नेमकं लग्न आलं.

दोन दिवसांनी निलेश म्हणाला, "एकच डाव काढू ना कार्ड. मामानं फ्रिज नाही देल्ला तं लोक काय म्हणतीन?"

मी म्हटलं, "लोक जे म्हणायचं ते म्हणतील. मी ताईंना स्वतः सांगते."

आणि लावला फोन. "ताई, फ्रिज जमणार नाही. रोख पैशात जे येईल ते आणू." इथे थांबायला हवं होतं... पण माझी जीभ! पुढे म्हणून गेले, "तुमच्या घरभरणीच्या टीव्हीचे पैसे अजून फेडतोय आम्ही." पलीकडून फोन कट. नंतर लग्नापर्यंत ताईंचा एक शब्द नाही.

आम्ही भंडाऱ्याच्या बाजारातून ठोक्याचा, जाड, सुंदर गुंड घेतला. नाव कोरून घेतलं. मला त्याची अजिबात लाज वाटत नव्हती. पण निलेशची काळजी होती. आपल्या बहिणीच्या दारात त्याची मान खाली गेली असती, तर ते मला सहन झालं नसतं.

बुद्धवंदना झाली, मंगल परिणय झाला. जय भीम, जय भीम करत लोक भेटले, ताई मात्र कामात. मग आहेराचा पुकारा सुरू झाला. काकाकडून कपाट, आत्याकडून मिक्सर... "आता मुलीच्या मामाकडून..." म्हणत माईकवाल्यानं गुंडाकडे बघितलं, मग आजूबाजूला बघितलं, आणखी काही आहे का म्हणून. निलेश चपलांकडे बघत होता.

तेवढ्यात ताई आल्या आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"माह्या भावाकडून पोरीले पितळेचा गुंड! नगदी पैशाचा, उधारीचा नाही. माह्या घरभरणीले त्यानं टीव्ही देल्ला होता, कार्डावर. तो टीव्ही कवाचाच बंद पडला, अन् हा बिचारा अजून त्याचे पैसे भरून राहिला! मले तं परवा समजलं. आता कोनी माह्या भावाले काही मांगान तं माह्याशी गाठ आहे!"

असं म्हणून त्यांनी गुंडावर बोटांनी टणटण वाजवलं. मांडव हसला, टाळ्या पडल्या. निलेशही हसला... डोळे पुसत.

टीव्ही बंद पडलाय, हे आम्हालाही तिथेच कळलं! जेवताना मी ताईंना विचारलं, "सांगितलं का नाही?"

"तुमी दुसरा घेऊन देसान, या भेवानं," त्या म्हणाल्या. "अन् तुमी काहून नाही सांगितलं मले?"

आणि त्यांनी माझ्या ताटात आणखी एक बुंदीचा लाडू वाढला.

सोमवारी शेवटचा हप्ता भरला. संध्याकाळी प्राचीनं तिच्या नव्या स्वयंपाकघरातला फोटो पाठवला. घासूनपुसून चकचकीत गुंड, पाण्यानं भरलेला. खाली लिहिलं होतं, "मामी, पाणी फ्रिजपेक्षा थंड आहे."

पितळेत पाणी थंड होत नाही, हे मलाही माहीत आहे. पण सुनंदाताई, त्या दिवशी तुम्ही माईक घेतला नसता, तर माझा नवरा पुन्हा कधीतरी ते कार्ड कोठीतून काढायला गेला असता... आता नाही जाणार.