साडभावाच्या नावेला एक टोपण कमी

माझ्या साडभावाला भर पाण्यात आणि सगळ्या नातेवाइकांदेखत भिजवायचं, असं मी गेल्या मे महिन्यात ठरवलं होतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नाही. पण तोंड वाईट, आणि त्या तोंडाला त्या दिवशी माईक मिळाला होता.

दिग्रसला माझं फायबरचे कुलर बनवायचं काम आहे. भाचीच्या साखरपुड्यात मिरवायला म्हणून मी एक नवाकोरा कुलर स्टेजच्या कडेला आणून लावला. मुलाकडची मंडळी फोटोसाठी उभी राहिली आणि टाकीच्या तळातून धार लागली. व्याह्यांचे नवे बूट, विहिणीचा पदर, स्टेजवरची सतरंजी, सगळं ओलं. चूक माझीच होती, तळाच्या कोपऱ्यात काचेच्या धाग्यांची मॅट नीट दाबली नव्हती. मी वाकून बोळा लावत होतो तेवढ्यात साडभावानं माईक घेतला.

"घाबरू नका जी पाहुणे! आमच्या साडभावाचा कुलर हवा बी देते अन् पाय बी धुते!"

अख्खा मांडव हसला. नवरी हसली. माझी बायको पदर तोंडाला लावून हसली, ते मला अजून दिसतं. दुसऱ्या दिवशी उमरखेडच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "आमाले बिना पाय धुणारा पाठवजा." त्याच वेळी ठरलं, याला भिजवायचं.

देवानं वाटही पंधरा दिवसांत दाखवली. साडभावाकडे जवळच्या तलावाचा मासेमारीचा ठेका आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळाशी बुडालेले बाभळीचे बुंधे वर येतात. अशाच एका बुंध्यावर त्याची फायबरची नाव बसली आणि बुडाला हातभर चीर गेली. आमच्या भागात फायबरला हात लावणारा मी एकटा. नाव टेम्पोत उलटी टाकून तो माझ्या टिनाच्या शेडमध्ये हजर.

"जमते का जी, का पाय धुवून घिऊ?"

"जमते," मी म्हटलं. इतकं गोड बोललो की माझाच मला संशय आला.

बेत साधा होता. ठिगळ वरून चकचकीत, आतून कच्चं. काठाजवळ कमरेइतक्या पाण्यातच ते सुटलं पाहिजे. साडभाऊ म्हशीसारखा पोहतो, तेव्हा त्याच्या जिवाची काळजी नव्हती. मला फक्त तो ओला हवा होता.

पण हा गडी स्टूल घेऊन समोरच बसला. मग चिरेच्या कडा ग्राइंडरनं घासाव्याच लागल्या, जुना रंग पार काढावा लागला, थिनरनं पुसावं लागलं. काचेच्या मॅटचे तीन तुकडे, एकापेक्षा एक मोठे, तेही कापले. लबाडीला जागा उरली ती एकाच ठिकाणी, हार्डनरच्या बाटलीत. मॅट ज्यात भिजवतात त्या पातळ रेझिनमध्ये हार्डनर पडल्याशिवाय ते घट्ट होत नाही. माझं माप ठरलेलं, किलोला दोन टोपणं. मी एकच टाकलं. माघातल्या एका सकाळी चुकून असंच झालं होतं, तर दोन दिवस कुलरची टाकी गुळाच्या पाकासारखी राहिली होती.

संध्याकाळी ठिगळाला बोट लावलं. चिकटलं. मी खूश. आता, फायबरची वरची कातडी उघड्या हवेत थोडी चिकट राहतेच, कुलर करताना मी ती रोज पुसतो. पण माणसाला जे हवं असतं तेच त्याच्या बोटाला लागतं. मी वरून निळा रंग मारला आणि नाव दिली.

दोन दिवसांनी साडभावानं तलावावर सगळ्यांना जेवायला बोलावलं. नाव पाण्यात जाणार, वर ताज्या माशाचा रस्सा. साखरपुड्याला हसलेली बहुतेक तोंडं काठावर होती. मी मुद्दाम पुढची जागा धरली. नारळ फुटला, नावेला हळदकुंकू लागलं. मग साडभावाचा म्हातारा मासेमार माझ्याकडे आला.

"चला भाऊ, बसा."

"कोण, मी? कायले?"

"ज्यानं नाव जोडली, पयली फेरी त्याची. आमचा रिवाज हाये."

"मले पोहता येत नाही जी."

"नाव जोडली ना तुमी? मंग पोहाचं काय काम?"

काठावरून बायको ओरडली, "बसा ना! लाजता काय नवरदेवावानी!"

बसलो. साडभाऊ वल्ही मारू लागला आणि काठ मागे सरकू लागला. कमरेइतकं पाणी गेलं. छातीइतकं गेलं. मी दोन्ही पाय ठिगळावर रोवून बसलो होतो, जणू माझ्या चपला बुडाला धरून ठेवणार होत्या.

"जरा काठाकाठानंच घ्या ना," मी म्हटलं.

"मधातून मजा हाये."

तलावाच्या मध्यावर माझ्या डाव्या तळव्याला गार लागलं. खाली पाहिलं. पाणी.

"फुटलं! वळवा, वळवा! कच्चं हाये ते! एकच टोपण टाकलं म्या!"

"काय टाकलं?"

"हार्डनर! मुद्दाम कमी टाकलं! तुमाले भिजवाले! वळवा बे!"

पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे त्या दिवशी कळलं. काठावरची सगळी तोंडं आमच्याकडे वळली. साडभावानं वल्हं ठेवलं, वाकून माझे पाय उचलले, ठिगळावर तळहात फिरवला. मग माझ्या मागे ठेवलेलं, सकाळी मासे धरलेलं जाळं वर उचलून दाखवलं. त्यातून पाणी निथळत होतं.

"कोरडं ठक्क हाये जी," तो म्हणाला. "जाळ्याचं पानी हाये ते." आणि मग काठाकडे तोंड करून, माईकशिवायच, "ऐकलं का? साडभाऊ मले बुडवाले आलते, अन् सोताच घाबरले!"

त्या हसण्यापुढे साखरपुड्याचं हसणं म्हणजे शोकसभा होती. रस्सा मी सगळ्यांकडे पाठ करून खाल्ला.

घरी येताना बायको म्हणाली, "कमी टाकलं म्हणता. मंग टिकलं कसं?"

रात्रभर तेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये गेलो. उकाड्यानं टिनाखाली उभं राहवत नव्हतं. मगात रेझिन घेतलं, माझ्या मापानं हार्डनर घातलं, सरळ, इमानदारीनं. ढवळून ब्रश उचलेपर्यंत मगात लाडू झाला. मग धूर निघाला, मग हाताला चटका बसला, आणि ब्रश लाडवात उभाच राहिला.

तेव्हा उजेड पडला. वीस वर्षं मी हे काम करतो, पण कुलर आम्ही थंडीत बनवतो आणि उन्हाळ्यात विकतो. मे महिन्यात रेझिनला मी कधी हात लावलाच नव्हता. माझी दोन टोपणं माघाच्या थंडीची होती. उन्हात रेझिन चटकन घट्ट होतं, एकच पुरतं. मी इमानानं काम केलं असतं तर मॅट भिजण्याआधीच रेझिन दगड झालं असतं आणि समोर बसलेल्या साडभावादेखतच माझा लाडू झाला असता. माझ्या हातून आयुष्यातलं सगळ्यात नीट ठिगळ पडलं ते निव्वळ सुडापोटी.

हे साडभावाला सांगावं की नाही, यावर मी आठवडाभर जळलो. सांगितलं नाही. लबाड म्हटलेलं मला चालतं. अडाणी म्हटलेलं चालत नाही, आणि त्याच्या तोंडून तर नाहीच.

महिना संपायच्या आत त्याची दुसरी नाव टेम्पोतून उतरली. सोबत काठावरचे तिघं नातेवाईक, बसायला आपापली खुर्ची घेऊन. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. मी बाटली उघडली, एक टोपण भरलं, ओतलं, आणि झाकण लावलं.

"एकच?" साडभाऊ म्हणाला. "अजून राग गेला नाई का जी?"

"नाई," मी म्हटलं, आणि ढवळू लागलो.