दोरीच्या दोन्ही बाजूंना

“कुबट वास येऊन राह्यला नं?” ओसरीवर भेटायला आलेल्या बायांपैकी एक दुसरीच्या कानात म्हणाली. सुधाकरकाकांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. मुकुटबनहून फोन आला तेव्हा मी नागपुरात होते, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... वास खळ्यावरच्या सोयाबीनच्या गंजीचा आहे हे मला कळलं.

काका पुसदला विज्ञान शिकवायचे, निवृत्तीनंतर शेतीवर आले. चारचौघांत गप्प बसणाऱ्या, इंग्रजी शाळेतल्या पुतणीला, म्हणजे मला, बोलतं करायचा त्यांनी चंगच बांधला होता. कापून रचलेल्या गंजीला टेकून म्हणायचे, “गंजी कुठं हाय, दाखव. मले तर नुसत्या शेंगा दिसून राह्यल्या. एक काडी काढली तरी गंजी, दुसरी काढली तरी गंजी... मंग ते फक्त आपण ठेवलेलं नावच नं?”

“पण ओली असली तर ती आतून तापते,” मी पुटपुटायची. “एकटी शेंग नाही तापत.”

“तापणारी ‘ती’ कोण पण? कुठून कुठवर? ते बी आपणच ठरवलं, बाई!”

त्यांचा हात मात्र तेवढा वेळ कोपरापर्यंत गंजीत, ऊब तपासत असायचा.

बाबांची आणि काकांची वाटणी झाली, पण खळं एकच राहिलं. यंदा दोघांच्या गंज्या एकमेकींना भिडवून रचल्या होत्या, हद्द कळावी म्हणून मधे नायलॉनची दोरी. काका दवाखान्यात असताना पाऊस आला आणि त्यांच्या बाजूची ताडपत्री उडाली.

“भाऊजी, गंजी फोडून पसरवा लागन नं?” काकूंनी दबकत विचारलं. त्यांचं वर्षभराचं पीक होतं ते, तापत राहिलं तर सडणार होतं.

“सुतकात कोणी खळ्यावर जाते का?” बाबा खाली बघत म्हणाले. “माही गंजी कोरडी हाय. सुधाकरची तेरवीनंतर पाहू.”

काकूंनी पदर तोंडाशी धरला. मी उठून खळ्यावर गेले. काकांच्या बाजूला हात घातला आणि चटकन ओढून घेतला. मग बाबांच्या बाजूला. वरच्या काड्या कुरकुरीत होत्या. आणखी आत गेले... तीच धग. मधे दोरी आहे हे तिच्या गावीही नव्हतं. कुठून कुठवर, ते धगीनंच ठरवलं होतं. काकांना द्यायचं उत्तर हातात होतं, आणि ऐकायला ते नव्हते.

परतले तेव्हा ओसरी माणसांनी भरलेली. सगळ्यांच्या देखत मी बाबांसमोर उभी राहिले.

“बाबा, दोरी आपण बांधली. आत धग एकच आहे, तुमच्याही बाजूला आलीय. तेरवीपर्यंत ती थांबायची नाही. चला, आत्ताच फोडू.”