चहा उकळेपर्यंत

“चहा ठेवते. उकळेपर्यंत धरून दाखवा.”

कॅमेऱ्याला लावायची लांब पल्ल्याची लेन्स कोणती घ्यावी, हे विचारायला मूल गावातला कोणीही आमच्या बाईंच्या घरी गेला, की त्या आधी गॅसवर भांडे ठेवायच्या. मग त्याने कुठून तरी मागून आणलेली लेन्स कॅमेऱ्याला लावून त्याच्याच हातात द्यायच्या आणि खिडकीतून समोरच्या विजेच्या खांबावर रोखायला सांगायच्या. खांबावर बहुतेक वेळा कोतवाल पक्षी बसलेला असायचा. बाई आले ठेचायच्या, साखर टाकायच्या, दूध ओतायच्या आणि मान न वळवता विचारायच्या, “हात कापून राह्यला काय?” चहा उकळायच्या आत ज्याचा हात थरथर कापू लागला, त्याच्यासाठी ती लेन्स बाद. मग ती कोणत्याही कंपनीची असो आणि कितीही स्वस्तात मिळत असो.

सल्ला घ्यायला जाण्यापूर्वी चार दिवस व्यायाम करावा असे वाटायला लावणारी माणसे तुमच्याही पाहण्यात असतील. आमच्या बाई तशा होत्या.

आमच्या शाळेत त्या जीवशास्त्र शिकवायच्या आणि मी तिथेच कार्यालयात लिपिक. रविवारी आम्ही दोघे आपापल्या गाड्यांवर तलावांच्या पाळीवर पाखरे शोधत फिरायचो. मी सोबत जायचो ते खरे तर त्यांच्या डब्यासाठी, पण पुढे मलाही नाद लागला. त्यांच्या चहाच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो होतो. दुसऱ्यांदा सत्तर-तीनशे मिलिमीटरची हलकी लेन्स धरून पास झालो आणि तीच घेतली. बाईंकडेही तीच होती.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. “काय काढाचं हाये?” समोरचा म्हणायचा, वाघ. आमच्या जिल्ह्यात दुसरे उत्तर येत नाही. “वाघ रस्त्यावरच बसते,” बाई म्हणायच्या. “त्याले मोबाईल बी पुरते. पाखरू काढाचं असन तर बोला.” मग सल्ला सुरू व्हायचा. जुना कॅमेरा चालत असेल तर तोच ठेवा आणि पैसे भिंगात घाला. लेन्सवर सहाशे लिहिले म्हणून हुरळून जाऊ नका, स्वस्त भिंग शेवटाला मऊ पडते, चित्र पुसट येते. चारशेपर्यंत धार देत असेल तर तिला चारशेचीच समजा. हे सगळे त्या भाजी निवडता निवडता सांगायच्या. दुकानदार जे सांगायचे टाळतो तेवढेच त्या सांगायच्या, त्यामुळे चंद्रपूरच्या कॅमेरावाल्यांचा त्यांच्यावर फारसा जीव नव्हता.

लेन्स टेकवायला त्यांनी जुन्या लुगड्याची एक थैली शिवली होती. तिच्यात लाखोळी हे कडधान्य भरलेले. आमच्याकडे धान निघाले की त्याच बांधीत लाखोळी पेरतात, त्यामुळे ती घरोघरी असते. एकदा पावसात थैली भिजली आणि बाई ती गाडीच्या डिकीत विसरल्या. उघडली तेव्हा सगळ्या लाखोळीला मोड आलेले. बाईंनी थैली तशीच वर्गात नेऊन मुलांना बीजांकुरण शिकवले आणि घरी जाऊन तिची उसळ केली. मला ती डब्यात मिळाली. चांगली झाली होती, पण लुगड्याचा रंग थोडा उतरला होता हे मी खाऊन झाल्यावर पाहिले.

आमच्यात तिसरा होता एक राईस मिलवाला मित्र. दिलदार माणूस, पण ऐकून घेण्याची सवय नाही. त्याने बाईंना न विचारता थेट दीडशे-सहाशेची लेन्स आणली. तिची नळी त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत येत होती. बाई तिला तोफ म्हणायच्या. “चहा ठेवू काय?” त्यांनी विचारले. तो म्हणाला, “चहा पिऊनच आलो बाई.” पहिल्या हिवाळ्यातच त्याचा खांदा धरला आणि तोफ घरी बसली.

पुढे पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागेल म्हणून त्याने डोके चालवले. तांदूळ ओल ओढतो हे मिलवाल्याला कोणी सांगायला नको. त्याने ती लेन्स नुकत्याच भरडलेल्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. कापडात गुंडाळायचे मात्र सुचले नाही. बुरशी लागली नाही हे खरे, पण कोंड्याची भुकटी नळीच्या सांध्यांत शिरली. कडे फिरवले की जात्यासारखा आवाज येऊ लागला आणि एक दिवस ते पाचशेच्या पुढे कुठेतरी जाऊन अडकले ते अडकलेच. म्हणजे झूम लेन्स, पण झूम होत नाही. दुरुस्तीला मुंबईला पाठवावी लागेल आणि खर्च परवडणार नाही, असे दुकानदार म्हणाला. बाई ऐकून एवढेच म्हणाल्या, “भात शिजवाचा राह्यला फक्त.”

आता बाईंना स्वतःला काय काढायचे होते ते सांगतो.

त्यांची पहिली नोकरी आलापल्लीच्या पुढच्या एका गावात होती. तिथे एका गोंड कुटुंबाच्या अंगणासमोर, बऱ्याच अंतरावर, बेहड्याचे जुने झाड होते आणि त्याच्या ढोलीत दरवर्षी धनेश पक्षी बसायचा. धनेशाची मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पिल्ले मोठी होईपर्यंत नर तिला बाहेरून फळे भरवतो. त्या घरचे लोक तेवढे दिवस झाडाखालून जात नसत. पाण्याला जायचे तर दुरून वळसा घालत. का, तर आत बाळंतीण आहे.

बाईंनी हे वर्गात फळ्यावर काढून शिकवून शिकवून मुलांच्या पिढ्या घडवल्या. पण फोटो नव्हता. सत्तर-तीनशेने एकदा प्रयत्न केला होता. ढोली तिळाएवढी आली. मी म्हटले, थोडे जवळ जायचे होते. बाई माझ्यावर क्वचित चिडल्या, त्यातली ही एक वेळ. “आपण झाडाखाली गेलो तर नर येत नाई. ते आत उपाशी राह्यते. काऊन, तर मले फोटो पायजे म्हणून?”

मग एका वर्षी शाळेतली मुले कुजबुजू लागली की बाईंचा अमिबा आता खरेच हलतो. मी खिडकीतून पाहिले. फळ्यावर खडूची रेघ नागमोडी जात होती आणि बाई दुसऱ्या हाताने मनगट धरून ती काढत होत्या.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा गॅसवर चहा होता आणि बाई खिडकीपाशी स्वतःची लेन्स धरून उभ्या होत्या. मी आल्याचे त्यांना कळले नाही. चहाला अजून बुडबुडासुद्धा आला नव्हता. लेन्स खाली आली. त्यांनी वळून मला पाहिले आणि म्हणाल्या, “गॅस कमी हाये आज.”

गॅस मोठाच होता. मी हो म्हटले.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की हे थांबणार नाही, वाढत जाईल, गोळ्यांनी सावकाश वाढेल. बाईंनी मला हे हजेरीपटावर सही करता करता सांगितले. सही वेडीवाकडी आली. “एक उन्हाळा भेटन,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याचं काही सांगता येत नाई. धनेश याच उन्हाळ्यात काढाचा.” मला वाईट वाटले आणि ते लपवता आले नाही. त्यावर त्यांनी मला एक काम लावून दिले, चंद्रपूरच्या दुकानात फोन करायचे.

आम्ही दोघे एसटीने चंद्रपूरला गेलो. दुकानदाराने बाईंना पाहून आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण त्यांचा हात पाहिल्यावर तो बदलला. त्याने स्वतः होऊन हलकी लेन्स काढली, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी. बाईंनी काउंटरवर थैली ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली आणि समोरच्या दुकानाच्या पाटीचे फोटो काढले. सगळे पुसट. त्यांनी पुन्हा काढले. पुन्हा तेच. “हे हलकी हाये नं,” त्या म्हणाल्या, “माह्यासंगच कापते.”

परतीच्या एसटीत त्या बराच वेळ बाहेर पाहत होत्या. मूल गाव जवळ आल्यावर एकदम म्हणाल्या, “भाऊ, तोफ कुठी हाये?”

तोफ मिलवाल्याच्या कपाटात होती. बाईंनी ती त्याच्या टेबलावर थैलीवर ठेवली. ती आपल्याच वजनाने लाखोळीत रुतून बसली. बाईंनी हात ठेवला. हात कापत होता, लेन्स कापत नव्हती. मिलवाला प्रामाणिकपणे म्हणाला, “पण बाई, ते झूम होत नाई.”

“मले कुठी झूम कराचं हाये? झाड काय चालून राह्यलं?”

तो फुकट द्यायला तयार होता. बाईंनी ऐकले नाही, रीतसर विकत घेतली. आयुष्यभर लोकांना परवडणारी हलकी लेन्स सुचवणाऱ्या बाईंनी शेवटी घेतली ती अशी, जड, अडकलेली आणि तांदळाच्या वासाची. सोबत वायरवाले बटण घेतले. ते मुठीत दाबायचे असते, त्यामुळे बोट कॅमेऱ्याला लागत नाही.

चैत्रात आम्ही मिलवाल्याच्या गाडीने धनेशाच्या त्या गावाला निघालो. ओझे नको म्हणून थैली रिकामीच घेतली होती, लाखोळी तिथे कोणाकडेही मिळेल असे मी म्हटले होते. मिळाली नाही. त्या अंगणात मोहाची फुले वाळत घातली होती, सगळीकडे मोहच मोह. घरधनी म्हणाला, “लाखोळी नाई बाई. हेच भरा.” थैलीत मोह भरला. धान कांडायचे लाकडी उखळ उलटे करून मांडवात ठेवले, त्यावर थैली, तिच्यावर तोफ. बेहड्याची ढोली बरोबर चौकटीत आली. मागेपुढे सरकायचे कारणच नव्हते.

नर यायला वेळ लागला. घरधनिणीने चहा दिला. आम्हाला पेले काठोकाठ आणि बाईंना अर्धा. तिला कोणी काही सांगितले नव्हते.

मग पंखांचा मोठा आवाज झाला आणि नर ढोलीपाशी येऊन खोडाला चिकटला. गळ्यातून एक एक उंबर काढून तो फटीत देऊ लागला. बाई मुठीतले बटण दाबत होत्या. नर गेला तेव्हा त्या कॅमेऱ्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मले चांगला हाये म्हणून सांगू नका. धार हाये काय तेवढं सांगा.”

बरेच फोटो हुकले होते. एकात दोन चोचींच्या मधोमध उंबर होते. मी तो मोठा करून पाहिला. धनेशाच्या पापण्यांना केस असतात हे बाईंनीच मला कधीतरी सांगितले होते. “पापण्या मोजता येतात,” मी म्हटले. बाईंनी मान डोलावली आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. हात तसाच चालू होता, पण त्या दिवशी त्यांनी तो लपवला नाही.

परत आल्यावर माझ्या शर्टांना मोहाचा इतका वास होता की बायकोने माझे तोंड हुंगून मगच मला घरात घेतले.

पुढच्या उन्हाळ्यात बाई नागपूरला मुलीकडे होत्या. घरधन्याचा मला फोन आला, “बाईले सांगजा, बाळंतीण आत बसली.” मी त्यांना फोनवर सांगितले. बोलणे त्यांना जड जात होते, तरी त्यांनी विचारले, “दार पुरं लिंपलं काय?” त्यानंतरच्या पावसाळ्यात बाई गेल्या. तो फोटो आता शाळेच्या प्रयोगशाळेत लावला आहे. तोफ त्यांनी माझ्या नावे ठेवली होती, मोहाच्या थैलीसकट.

यंदा चैत्रात घरधन्याचा पुन्हा फोन आला. त्या गावाला फोन लागता लागत नाही, त्यामुळे बाई गेल्याचे त्यांना कळलेच नव्हते.

“बाईले सांगजा, बसली आत.”

“भाऊ, बाई गेल्या,” मी म्हटले.

त्याच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “बरं. तरी सांगून ठेवजा.”

कोणाला आणि कसे सांगायचे ते मला कळेना. मी स्वयंपाकघरात गेलो आणि चहा ठेवला. कपाटातून तोफ काढली, कॅमेऱ्याला लावली आणि खिडकीतून समोरच्या आंब्यावर रोखून उभा राहिलो. थैलीला अजून मोहाचा वास येतो.

चहा उकळायच्या आत माझा हात कापू लागला. गॅस कमी होता बहुतेक.