आठ की नऊ

सिफिस कांदालाकिसला इंग्रजी वाचता येत नव्हतं. एकच शब्द त्याला कळायचा, तो म्हणजे सुरुंगाच्या कांड्यांच्या खोक्यावर छापलेला डायनामाइट. ग्रीसच्या क्रीट बेटावरून अमेरिकेत, यूटाच्या आमच्या खोऱ्यात तो आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. चुनखडीच्या खाणीत पहिल्याच दिवशी त्याने कोणाकडून तरी तो शब्द वाचून घेतला आणि म्हणाला, "अरे, हा तर आपल्या देवळातला!"

बरोबरच होतं त्याचं. ज्याने ही कांडी शोधली त्याने नाव ग्रीकांच्या घरातून उचललं. आमच्या प्रार्थनेच्या मध्यावर पाद्रीबाबा हाक देतात, "दीनामिस!" दीनामिस म्हणजे बळ. मग गाणारा तेच स्तोत्र पुन्हा, चढ्या आवाजात उचलतो. खाणीतले म्हातारे अमेरिकन मात्र कांडीला 'पावडर'च म्हणायचे. पूड केव्हाच गेली होती, पण आजोबांच्या काळच्या काळ्या दारूचं नाव त्यांच्या जिभेवरून गेलं नव्हतं. सिफिस त्यांना हसायचा. "तुम्ही तिला पूड म्हणा. मी तिला तिच्या नावाने हाक मारतो, म्हणून ती माझं ऐकते."

आणि ऐकायचीही. सहा वर्षांत तो सुरुंग लावणारा झाला. रविवारी देवळात गाणाराही तोच. मी वरच्या उतारावर शेळ्या राखायचो. खालून त्याचे सुरुंग ऐकायचे आणि रविवारी त्याचा गळा ऐकायचा, हे माझं सुख होतं.

सुरुंगाचा एक नियम असतो. पाळी संपताना वाती पेटवायच्या, लांब जायचं आणि आवाज मोजायचे. जितकी भोकं तितके आवाज. एक कमी भरला तर तासभर थांबायचं, जाऊन बघायचं, न उडालेल्या भोकावर खूण करायची. मगच पुढच्या पाळीला आकडा सांगायचा. ते लोक त्या आकड्यावर विसंबून ड्रिल लावतात.

त्या शनिवारी भोकं नऊ होती. दोन महिन्यांनी एकदा येणारे पाद्रीबाबा चारच्या गाडीने उतरणार होते, आणि त्यांना घ्यायला सिफिसने जायचं होतं. मी वरून मोजले. आठ. पण सिफिस तासभर थांबला नाही, तसाच स्टेशनकडे निघाला.

रविवारी सिफिस असा गायला की पाद्रीबाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर सगळे कॉफीच्या दुकानात बसलो. मी सहज म्हणालो, "सिफी, काल आठच वाजले रे."

"दोन एकदम उडाले," तो म्हणाला. "तू शेळ्या मोज बाबा. त्याही संध्याकाळी कमीच भरतात तुझ्या."

सगळे हसले. मीही हसलो. ड्रिल चालवणारा पांदेलिस तेवढा हसला नाही. सोमवारी पहिली पाळी त्याची होती. त्याने कप खाली ठेवला.

"थट्टा पुरे. नऊ ना, सिफी?"

सिफिसने एकदा पाद्रीबाबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "नऊ. तुला काय माझ्या कानांवर भरवसा नाही?"

"आहे म्हणून तर विचारलं," पांदेलिस म्हणाला आणि उठून गेला.

सोमवारी सकाळी त्याचं ड्रिल न उडालेल्या नवव्या भोकाला लागलं. पांदेलिस वाचला, पण दोन्ही डोळे गेले. मुकादमाने सिफिसला विचारलं, "नऊ उडाले होते?" सिफिसने होकारार्थी मान हलवली. मग कागदावर लिहिलं गेलं की पांदेलिसने नियम मोडून जुन्या भोकाच्या बुडात, जिथे थोडी दारू उरलेली असू शकते, तिथे ड्रिल घातलं. निष्काळजी माणूस, असं.

मी आठ मोजले होते. मीही खाली उतरून ते सांगितलं नाही.

त्यानंतर सिफिसने सुरुंग सोडले, दगडाच्या गाड्या ढकलल्या. देवळात तो गायचा, पण "दीनामिस!" ही हाक आली की त्याचा आवाज चढण्याऐवजी बसायचा. शेवटी त्याने गाणंच सोडलं. पांदेलिस काठी टेकत दर रविवारी यायचा आणि चाचपत नेमका त्याच्याच शेजारी बसायचा. एकवीस वर्षं.

धुळीने सिफिसची छाती भरली तेव्हा त्याने माझ्याकरवी पांदेलिसला बोलावून घेतलं. दुपार होती. मी खुर्ची दिली, पण पांदेलिस खाटेच्या कडेवरच बसला.

"पांदेली," सिफिस म्हणाला, "आठच होते."

"ते मला सोमवारीच कळलं रे."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. दर रविवारी शेजारी बसत होतो ते काय प्रवचन ऐकायला?"

"कागदावर अजून तुझाच दोष आहे. मी जाऊन सांगतो."

"कोणाला सांगतोस? खाण बंद पडली. मुकादम मेला." पांदेलिसने चाचपून त्याचा हात धरला. "कागद राहू दे. एकदा म्हण. मी हाक देतो."

आणि त्याने हाक दिली, "दीनामिस!"

सिफिसने तोंड उघडलं. ओठ हलले. ज्या गळ्याने कधी अख्खं देऊळ भरायचं, त्यातून नुसती घरघर आली. पांदेलिस मान वाकवून, कान पुढे करून बसून राहिला. तो अजून वाट पाहत होता. मी खिडकीकडे तोंड केलं.