अडकलेल्या लिफ्टमधले माझे देव

आमची कुलदेवता देवी. तिचं सगळं आई बघते. बायकोची श्रद्धा दत्तावर. मी लहानपणीच मारुतीला धरलं. भक्ती वगैरे काही नाही, अंधाराची भीती वाटायची. आणि एवढं असून धंदा कुठला निवडला, तर लिफ्ट दुरुस्तीचा! बावीस वर्षं अंधाऱ्या पोकळीत डोकं घालतोय आणि मनात त्याचं नाव घेतोय. गिऱ्हाइकांना वाटतं, माणूस कामात किती गढलाय.

परवा दुपारी एका सहा मजली इमारतीतली लिफ्ट दुरुस्त केली. चाचणीला आत शिरलो, तर एक निवृत्त नर्सबाई पिशवी घेऊन मागोमाग आल्या.

"चालू झाली ना नक्की?"

"अहो, मी केलीय म्हटल्यावर!" मी छाती फुगवून म्हणालो.

चौथ्या मजल्याच्या जरा खाली लिफ्ट अडकली. दिवाही गेला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मारुतीचा धावा सुरू केला तो चक्क मोठ्यानं. मग देवीला हाक मारली, मग दत्ताला, शेवटी सासऱ्यांच्या शंकरालासुद्धा.

अंधारातून बाई म्हणाल्या, "सगळ्यांना एकदम बोलावू नका हो. चारच माणसांची लिफ्ट आहे."

मी शंकरापाशीच थांबलो.

"घाम पुसा. लांब श्वास घ्या. बॅटरी आहे का?"

होती. हत्यारांच्या पिशवीतच. बाईंनी ती धरली. मी आतलं दार सरकवलं, बाहेरच्या दाराचं कुलूप वर ढकललं. दार उघडलं. वीतभर पायरी चढून बाई आधी बाहेर पडल्या आणि मला हात दिला.

वर जाऊन पाहिलं, तर एक वायर मीच नीट आवळली नव्हती. बाईंना खरं सांगितलं. "आता आवळा," एवढंच म्हणाल्या आणि जिन्यानं गेल्या.

घरी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "देवीनंच त्या बाईंना पाठवलं."

"छे! दत्तानं," बायको म्हणाली.

"अगं, पण कुलूप मी उघडलं ना!"

दोघींनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मी निमूटपणे देव्हाऱ्याकडे वळलो आणि सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला.