प्लेट भट्टीत असताना

टेंभुर्णीच्या फाट्यावर पुण्याची एसटी आली तेव्हा अण्णांनी माझी बॅग आत ठेवली आणि एकच अट घातली. "बोलावलं की यायचं. कारनं सांगायची न्हाईत." श्रीपूरच्या कारखाना कॉलनीतून नोकरीसाठी गुजरातला निघालेली पहिली मुलगी मीच. त्या वेळी मी कशालाही हो म्हटलं असतं.

बडोद्यात मी वेल्डिंग इंजिनिअर आहे. तुमच्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांनाही आपलं काम घरच्यांना समजावताना घाम फुटला असेल, पण माझं ऐका. आमच्याकडं जाड पत्र्याच्या मोठाल्या टाक्या बनतात. वेल्डिंग झालं की टाकी भट्टीत तापवतात, म्हणजे सांध्यातला ताण निघतो. पण आधी तसंच वेल्डिंग केलेली नमुन्याची एक प्लेट तापवून, लॅबमध्ये तोडून बघायची. नियम असा, की टाकी एकूण जितका वेळ भट्टीत राहणार, त्याच्या निदान ऐंशी टक्के वेळ प्लेटनं काढलेला हवा. आमची टाकी दुरुस्त्यांपायी पुन्हा पुन्हा भट्टीत जायची पाळी आली आणि जुन्या प्लेटचे तास कमी पडले. मग नवी प्लेट, ती एका दमात लांबलचक तापवायची, आणि साक्षीला मी. करमाळ्याच्या स्थळाशी माझा साखरपुडा नेमका दुसऱ्या दिवशी, आणि प्लेट तोवर भट्टीतच.

अण्णांनी फोनवर हे सगळं शांतपणे ऐकलं आणि आईला सांगितलं, की पोरीनं तिकडं कुणीतरी बघितलाय. नोकरी सोडवून मला घेऊन यायला त्यांनी मामाला पाठवलं. मामा टेंभुर्णीत ट्रकच्या भाड्याची कामं बघतो. ड्रायव्हर लोकांची खोटी कारणं ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

मामा शेंगाचटणीचा डबा घेऊन थेट भट्टीवर आला. दार उघडून प्लेट दाखव म्हणाला. ते जमणार नाही कळल्यावर हेल्मेट चढवून माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसला. समोर तापमानाचा कागद सरकत होता आणि त्यावर एक सरळ रेघ उमटत होती. ती सरळ राहणं हेच आमचं यश. मामाला वाटलं मशीन बंद पडलंय, आणि भेटेल त्याला तो तसं सांगत सुटला. दुपारी जेवून त्यानं डुलकी काढली, उठून बघितलं, तरी रेघ तशीच. मग त्यानं अण्णांना फोन लावला.

"दाजी, पोरगी खरं बोलतीया. खोटंच बोलायचं तर एवढं कट्टाळवानं कारन कोन शोधंल?"

साखरपुडा पुढं ढकलावा लागेल असं अण्णांनी करमाळ्याला कळवलं. तिकडून विचारणा झाली, की लग्नानंतरही मुलगी अशी भट्टीपाशीच बसणार का? त्यावर काय उत्तर दिलं ते अण्णांनीच संध्याकाळी मला सांगितलं. "म्हनलं, व्हय, बसंल की. तिचं काम हाय त्ये."

सोयरीक तिथंच मोडली. मी भट्टीमागं जाऊन पोटभर रडले. मामाला वाटलं नवरदेवासाठी रडतेय, म्हणून तो मुलात काही दम नव्हता असं समजावत बसला. खरं तर मला इतका आनंद कधी झालाच नव्हता.

इथं कुणी घर कुठलं विचारलं की मी अजून श्रीपूरच सांगते. पूर्वी वाटायचं, मी तिथून निघून आलेय. आता वाटतं, मला तिथून पाठवलंय.